चिठ्ठीची दुसरी ओळ

माझे वडील लिंबाजी बैलांचे दलाल होते. राणीसावरगावच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बैलाची खोड सांगायचे. "ह्यो बैल डावीकडनं कुणी आलं की बुजतो. डाव्या अंगाला जुंपू नगा. उजवीकडं जुंपा, मग तुमाला आवाज द्यायची सुदिक गरज न्हाई." बाकीचे दलाल हसायचे. म्हणायचे, लिंबाजी बैल विकायला आलाय का परत न्यायला? वडील म्हणायचे, खोड सांगून विकलेला बैल दावणीला परत येत न्हाई.

मी बैल विकले नाहीत. मी माणसं नोकरीला लावली. दोन्ही एका दमात सांगायला बरं वाटत नाही, पण धंदा मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि शेवटी त्याची माती मीच केली. म्हणून सांगायला बसलोय.

सेलूत माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. यंत्रं सहा, त्यातली चार धड. एकोणऐंशी साली पाटी लावली. परभणीच्या बाहेर तेव्हा नवी सूतगिरणी उभी राहिली होती आणि तिच्या कचेरीला टंकलेखक, कारकून, भांडारपाल, हजेरीवाला अशी माणसं लागायची. गिरणीचे पर्सोनेल ऑफिसर होते अण्णासाहेब. माणसं घ्यायचं आणि घेतलेली सांभाळायचं खातं त्यांचं. मी त्यांना पहिल्या साली तिघं पाठवले. तिघांचीही अशी स्तुती लिहिली होती की त्यांच्या आयांनी लिहिली नसती. तीन महिन्यांत तिघंही घरी.

मग अण्णासाहेब स्वतः सेलूला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बन्सीधर, तुमच्या वडलांचा धंदा काय होता?"

मी सांगितला. खोडीचंही सांगितलं, कौतुकानं.

"मग बैलाची खोड सांगायच्या घरातले तुमी, माणसाची सांगायला कामून लाजायलाव? गुण तर सगळेच लिहितेत. मला खोड सांगा. आन् तिला काय करायचं, तेबी सांगा."

तिथून आमची चिठ्ठी सुरू झाली. चिठ्ठीत दोनच ओळी. पहिल्या ओळीत खोड, दुसऱ्या ओळीत तिचा उपाय. टायपिंगचा मास्तर असूनही चिठ्ठी मी हातानंच लिहायचो, कारण असल्या गोष्टी यंत्रालाही कळू नयेत. कागद मात्र पाठकोरा. पोरांनी सराव करून टाकलेल्या कागदांची थप्पी कोपऱ्यात असायची, त्यातलाच एक ओढायचा, पाकीट डिंकानं बंद करायचं आणि ज्याची चिठ्ठी त्याच्याच हातात द्यायचं. आत काय आहे हे त्याला कधी कळायचं नाही.

मुंजाजी म्हणून एकजण होता. भला माणूस, पण सकाळी उठायचं म्हणजे त्याला जिवावर यायचं. मी लिहिलं, 'वेळेवर येत नाही. कचेरीच्या किल्ल्या त्याच्याकडेच द्या.' अण्णासाहेबांनी पहिल्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला. दाराशी सगळे आपली वाट बघत उभे राहतील या धास्तीनं मुंजाजी सगळ्यांच्या आधी पोचायला लागला. आश्रुबाच्या तोंडी सदा शिवी. त्याच्यासाठी लिहिलं होतं, 'आधी चहा, मग काम.' तोही टिकला.

नामांतराचे ते दिवस. मराठवाड्यात कुठल्याही कचेरीत माणूस शिरला की आधी त्याला 'कुणाचा?' असं विचारायचे, मग 'काय येतं?' असं. आमच्या चिठ्ठीत 'कुणाचा' हा रकाना नव्हता. अण्णासाहेबांनी तो कधी मागितला नाही, मी कधी भरला नाही. या एका गोष्टीचा मला आजही अभिमान आहे. बाकी अभिमान बाळगावा असं फारसं उरलेलं नाही.

हळूहळू माझे काही नेम ठरले. जागा रिकामी झाली की आधी परभणीला जाऊन ती खुर्ची बघायची. उजेड कुठून येतो, शेजारी कोण बसतं, आधीचा का गेला, हे विचारायचं. एका जागेला एकच माणूस पाठवायचा. पाच पाठवून 'बघा, निवडा' म्हणणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. चेअरमनच्या दारात पाऊल टाकायचं नाही, जे बोलायचं ते अण्णासाहेबांशी. महिन्यानं पुन्हा जाऊन कसं चाललंय ते बघायचं. आणि साहेब बदलला तर पहिल्या गाडीनं जाऊन नव्या साहेबाला सगळं अथपासून सांगायचं, कारण भरवसा माणसावर असतो, खुर्चीवर नसतो. हा शेवटचा नेम मी सेलूत चारचौघांत बोट वर करून सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कावेरी माझ्याकडे पंच्याऐंशी साली आली. चारठाण्याची. वडील नव्हते, आई चतुराबाई दुसऱ्यांच्या शेतात जायची, पाठीवर दोन भाऊ. चारठाण्याहून देवगाव फाट्याला उतरायचं, तिथं गाडी बदलून सेलू. असा रोजचा दोन गाड्यांचा प्रवास करून पोरगी घड्याळाच्या काट्यावर हजर. बोटं अशी चालायची की मी उगीच तिच्या मागे जाऊन उभा राहायचो.

पण एक गोष्ट मला कळेना. टायपिंगच्या यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजते. शेजारच्या यंत्राची घंटी वाजली की कावेरी आपली ओळ अर्ध्यात सोडायची. स्वतःची वाजली की कधी कधी पुढेच जायची. पोरी हसायच्या. मीही एकदा खेकसलो. मग एक दिवस मी तिच्या डाव्या बाजूनं तीनदा हाक मारली, तिनं वर बघितलं नाही. उजवीकडे जाऊन हळूच 'कावेरी' म्हटलं, तर दचकून उभी राहिली. डावा कान बंद होता तिचा. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला भिंतीकडच्या यंत्रावर बसवलं. डाव्या हाताला भिंत, म्हणजे जे काही यायचं ते उजवीकडून. पंधरा दिवसांत तिची चूक गेली. त्यानंतर मी तिच्याशी नेहमी उजव्या बाजूनं बोलायचो. बाकावर बसायची वेळ आली तर ती आपसूक माझ्या डाव्या हाताला बसायची, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे. तिला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मीही तसंच वाटू दिलं. मला पोरगी नाही. असती तर अशीच असावी असं मला वाटायचं, आणि हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

शहाऐंशीत गिरणीत टंकलेखकाची जागा निघाली. मी कावेरीची चिठ्ठी लिहिली. 'डाव्या कानानं ऐकू येत नाही. डावीकडे भिंत येईल अशी जागा द्या, हिच्यासारखं काम कुणी करणार नाही.' पाकीट बंद करून तिच्या हातात दिलं. महिन्यानं मी परभणीला गेलो तर ती धावत आली.

"सर, माझं नशीब बघा की! हितंबी भिताडाजवळचीच जागा मिळाली!"

मी हसलो. आत अण्णासाहेबही हसत होते. त्या दिवसाइतका सुखी मी फारसा कधी झालो नाही.

एकोणनव्वदला अण्णासाहेब निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "माझ्या जागी उद्धव म्हणून पोरगा यायलाय. शिकलेला हाय, इमानदार हाय. सोमवारी या, गाठ घालून देतो. आन् तुमच्या समद्या चिठ्ठ्या माझ्या कपाटात हायेत. ठेवायच्या का फाडायच्या, ते तिघं बसून ठरवू."

सोमवारी मी गेलो नाही.

झालं असं की शनिवारी गिरणीचं एक छापील पत्रक आलं. 'माणसे पुरवणाऱ्यांनी आपली माहिती भरून नोंद करावी.' नाव, पत्ता, किती वर्षांचा अनुभव. मला! दहा वर्षं ज्यांच्या खुर्च्या मी मोजल्या, त्यांनी मला अनुभव विचारावा! माझं डोकं फिरलं. नव्या साहेबाला गरज असेल तर येईल सेलूला, अण्णासाहेब नव्हते का आले?

उद्धवसाहेब आले नाहीत, पण त्यांची कार्डं आली. एक नाही, तीन. 'एकदा भेटावे, बरेच विचारायचे आहे.' खिडकी वाऱ्यानं खडखडायची म्हणून तिन्ही मी तिच्या फटीत खोचून ठेवली.

प्रभावती, माझी बायको, म्हणाली, "एक दिस जाऊन या की. जायाला काय पाय झिजायलेत का तुमचे?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला यवढं कळतं की तीनदा बोलवणारा माणूस वंगाळ नसतो."

मी ऐकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात अण्णासाहेब लातूरला लेकीकडे वारले. चिठ्ठ्यांचं माहीत असलेला आता मी एकटाच उरलो होतो, आणि मी रुसून बसलो होतो.

एक्याण्णवच्या मे महिन्यात मुंजाजी भर दुपारी इन्स्टिट्यूटच्या दारात येऊन उभा राहिला. गिरणीला वाईट दिवस आले होते. कचेरीतली चौदा माणसं कमी करायची यादी फाटकावर लागली होती आणि त्याची नक्कल त्यानं पेन्सिलीनं उतरवून आणली होती. नाव, हुद्दा आणि कारण.

"सर, नऊ सालात एक दिस उशीर झाला न्हाई मला. रोज किल्ली माझ्याकडं. आन् हे बघा काय लिवलंय. 'वेळेवर येत नाही.' कुणी लिवलं आसंल हो सर?"

मी कागद घेतला. आश्रुबापुढे होतं, 'तोंडात शिव्या'. एकेक नाव वाचत गेलो आणि एकेक कारण मला पाठ होतं. नववं नाव कावेरीचं. 'डाव्या कानाने बहिरी.' येत्या जूनमध्ये ती हेड टायपिस्ट होणार होती. दोन्ही भावांची शाळा तिच्यावर होती. आणि पाच वर्षं शेजारी बसणाऱ्या पोरींनाही तिनं जे कळू दिलं नव्हतं, ते आता परभणीत येणारा-जाणारा वाचत होता.

मुंजाजीला मी पाणी दिलं. कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परभणी गाठली. दोन वर्षं उशिरा. उद्धवसाहेब तिशीचे असतील. मला बघून उठून उभे राहिले, खुर्ची दिली. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो.

"ह्या माझ्या चिठ्ठ्यांवरून तुम्ही माणसं काढली?"

"तुमच्याच हायेत ना?" त्यांनी एक फाइल उघडून समोर ठेवली. प्रत्येक माणसाच्या कागदात त्याची चिठ्ठी टाचणीनं लावलेली. "वरून हुकूम आला, चौदा नावं आन् चौदा कारणं द्या. मी नवा. कुणाला विचारणार? समदी गिरणी म्हणते, बन्सीधररावांचा शब्द खोटा निघत न्हाई. मी तुमच्यावर भरवसा ठिवला, सर."

"अहो, पण दुसरी ओळ?"

त्यांनी यादीची नक्कल माझ्याकडे सरकवली. "यादीत कारणाला एकच रकाना होता. मला वाटलं, दुसरी ओळ म्हणजे तुमची शिफारस. शिफारशी बघायच्या न्हाईत आसा माझा नेम हाय. ती ओळ खोडीचा उपाय हाय, हे मला कोण सांगणार होतं? तीन कार्डं टाकली मी तुमाला."

रागाचं सोंगही आणता येईना. मी म्हटलं, बाकीचं राहू द्या, निदान कावेरीचं नाव काढा. ते म्हणाले, त्यासाठीच चेअरमनकडे जाऊन आलो. एकाचं नाव काढलं तर उरलेले तेरा फाटक मोडतील, असं उत्तर मिळालं. यादीवर सही होऊन ती पुढे गेली होती.

"त्या बाई आल्या होत्या," उद्धवसाहेब म्हणाले. "भांडल्या न्हाईत. यवढंच विचारलं, हे तुमाला कुणी सांगितलं? मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी मागितली. मला न्हाई म्हणवेना."

शनिवारी ती गाव गाठणार असं मुंजाजीकडून कळलं. चारठाण्याला जायचं म्हणजे देवगाव फाट्याला गाडी बदलणं आलंच. मी सकाळपासून फाट्यावर चहाच्या हॉटेलासमोरच्या बाकावर बसून होतो. काय बोलायचं ते मनात चारदा जुळवलं, चारदा मोडलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सेलूची गाडी आली आणि ती ट्रंक घेऊन उतरली.

मला बघून थांबली. मग येऊन नेहमीसारखी माझ्या डाव्या हाताला बसली. पर्समधून तो कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या अक्षरांची बाजू खाली, टाइप केलेली वर.

"वळखलाव का सर? माझाच हाय. शिकताना टाइप केलेला."

मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं. थप्पीतला हाताला लागला तो कागद ओढला होता. नोकरीच्या अर्जाचा सराव होता. 'महोदय, मला सेवेची संधी दिल्यास मी मनापासून काम करीन.' दोन ठिकाणी चुका, त्यांच्यावर माझ्याच लाल पेन्सिलीच्या खुणा.

"पाकीट मीच नेलं की हो," ती म्हणाली. "त्या दिशी पाऊस होता. भिजू न्हाई म्हणून पदराखाली उराशी धरून नेलं. परभणीत जिच्याकडं उतरले ती मावशी म्हणली, उघडून बघ की काय लिवलंय. मी म्हणलं, सरांची चिठ्ठी कामून उघडू?"

"कावेरी..."

"आईबिगर कुणाला ठावं नव्हतं. आईनं शपथ घातली व्हती, कुणाला कळू देऊ नको म्हणून. तुमाला ठावं व्हतं तर मला यकदा म्हणायचं व्हतं, सर. मी म्हणले असते, लिवा. माझी खोड मीच सांगितली असती त्यांना. पाच सालं मी त्या भिताडाला रोज हात जोडायले, देवानं जागा दिली म्हणून."

बैलाला कुणी विचारत नाही. माझ्या वडलांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मी ती रीत जशीच्या तशी उचलून माणसांना लावली. दहा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की ज्याची खोड लिहितोय त्याला आधी ती वाचून दाखवावी. उपाय लिहिला म्हणजे माझं काम झालं, असं वाटत राहिलं.

ती उठली. वाटलं, निघाली. पण ती बाकाला वळसा घालून आली आणि माझ्या उजव्या हाताला बसली. सहा वर्षांत ती कधी त्या बाजूला बसली नव्हती. तिचा डावा कान माझ्याकडे होता आणि नजर चारठाण्याच्या रस्त्याकडे.

मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. अण्णासाहेबांचं, सोमवारचं, छापील पत्रकाचं, खिडकीत खोचलेल्या तीन कार्डांचं. चूक माझी, उद्धवसाहेबांची नाही, हेही सांगितलं. तू माझ्या पोरीसारखी आहेस, हे आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं. हॉटेलवाला कपबशा विसळता विसळता बघायला लागला. इतक्या जवळ बसलं की तिला दुसऱ्या कानानं सगळं ऐकू येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं मान वळवली नाही. हाताची बोटं तेवढी मांडीवर हलत होती, टाइप करताना हलायची तशी.

गाडी आली. ती उठली, साडी झटकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. डोळे भरलेले होते.

"काही म्हणलाव का, सर?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ट्रंक उचलायला वाकलो, तोवर तिनं ती स्वतःच उचलली होती. चिठ्ठी माझ्या मांडीवरून खाली पडली होती, ती मी घेतली आणि सेलूची गाडी धरली.